रुळांवरून फिरणारा हात

"वाळल्याल्याला हात लावायचा न्हाय. आदी भिजवायचं."

अण्णा माझ्याशी बोलले ते हे पहिलं वाक्य. नोकरीला लागून मला तासही झाला नव्हता. माझं काम केबिनमध्ये बसून रोलर कोस्टर चालू-बंद करायचं. पण पहिल्या दिवसाचा उत्साह दांडगा, म्हणून पहिल्या डब्यातल्या सीटवर पडलेली कबुतराची शीट मी पुठ्ठ्याच्या तुकड्यानं खरवडत बसले होते. अण्णांनी पुठ्ठा माझ्या हातातून काढून घेतला. बादलीतली ओल्या टॉवेलची एक पट्टी त्या डागावर ठेवली आणि म्हणाले, "ताप उतरायला कपाळावर पट्टी ठेवतात का न्हाय? तसं. आता गप बसायचं." मग निघून गेले. दहा मिनिटांनी येऊन त्यांनी पट्टी उचलली, तर डाग पट्टीबरोबर उठून आला. "खरवडलं की धूळ उडती, नाकात जाती, छातीत बसती. आन रंग निगतो त्यो येगळाच," एवढं बोलून बादली घेऊन ते जिना चढायला लागले. मला राग आला होता. सफाईवाल्यानं शिकवावं आणि तेही कबुतराच्या शिटेवर, हे पंचविशीत पचत नाही.

आमचा पार्क सोलापूरच्या बाहेर आहे, तळ्यापासून हाकेच्या अंतरावर. भोवती माळ, झाडं मोजकी. त्यामुळे तळ्यावर आलेल्या प्रत्येक पक्ष्याला बसायला आमच्या कोस्टरचे रूळ. रूळ म्हणजे जाड लोखंडी पाइप, आणि आम्ही कामगार त्या सगळ्या प्रकाराला नुसतं 'गाडी' म्हणतो. कबुतरं रुळाखालच्या कोनात घर करतात, साळुंक्या वर भांडतात, संध्याकाळी बगळे रांगेनं येऊन बसतात, आणि एक पाणकावळा तर वर्षभर सगळ्यात उंच टोकावर पंख पसरून उभा असायचा. सकाळी गाडीकडे बघितलं की कुणीतरी चुना फासून गेलंय असं वाटे. शीट नुसती दिसायला वाईट नसते. ती रंग खाते, रंगाखालचं लोखंड खाते, आणि तिच्याखाली काय चाललंय ते झाकून ठेवते. हे मला पुढे अण्णांमुळे कळलं.

मालकांनी पक्षी हाकलायला सगळे उपाय करून बघितले होते. चकचकीत तबकड्या टांगल्या, फटाके वाजवले, शेवटी पुण्याहून एक प्लॅस्टिकचं घुबड आणून उंच टोकावर बसवलं. तिसऱ्या दिवशी घुबडाच्या डोक्यावर कबूतर बसलेलं होतं. अण्णा खालून बघत म्हणाले, "आता ह्येला बी पुसायचं." हसले मात्र नाहीत. अण्णांना हसताना मी दोनदा-तीनदाच बघितलं असेल.

पक्ष्यांवर त्यांचा राग नव्हता. शीट बघून ते पक्ष्यांच्या घरची खबर सांगत. "पिंपळाची फळं पिकल्यात वाटतं कुटंतरी." "तळ्यात बारका मासा लई झालाय." जांभळाच्या दिवसांत रूळ जांभळे व्हायचे, तेव्हा अण्णा जरा वैतागायचे, कारण तो डाग दोनदा भिजवावा लागे. एकदा कोपऱ्यातल्या घरट्यात पिल्लं होती तर त्यांनी तेवढा हातभर रूळ सोडून पुसला, आणि तो हातभर तुकडा दिवसातून तीनदा वाकून बघत राहिले. पिल्लं उडाल्यावर घरटं स्वतः काढलं, आणि त्या जागी दोन दिवस पट्ट्या ठेवल्या.

उजाडायच्या आत ते यायचे. कमरेला पट्टा, पट्ट्याला दोर, तोंडाला ओला टॉवेल. रुळाच्या कडेनं जाळीची अरुंद पायवाट आहे, तिच्यावरून पट्ट्या ठेवत ठेवत शेवटपर्यंत जायचं आणि पुन्हा पहिल्यापासून उचलत, पुसत यायचं. टॉवेल त्यांना कमी नव्हते. ज्या कारखान्यात ते पूर्वी कामाला होते तिथले माप चुकलेले, किनार उसवलेले टॉवेल त्यांच्या घरी गठ्ठ्यानं होते. खांब मोजताना ते तेलुगूत मोजत. ओकटी, रेंडू, मूडू. खाली केबिनमध्ये बसून सकाळच्या शांततेत मला ते मोजणं ऐकू यायचं, आणि कितव्या खांबावर आहेत ते कळायला लागल्यावर मी तेलुगूतले आकडे शिकले.

पुसून झालं की अण्णा एक गोष्ट करत, जी बघून नवीन माणसाला मळमळायचं. पुसलेल्या रुळावरून ते उघडा हात फिरवत. प्रत्येक जोडावर, वरून, खालून, बोटांची टोकं टेकवून, डोळे अर्धे मिटून. हातमोजे मालकांनी तीनदा दिले. तिन्ही जोड त्यांनी बागेच्या माळ्याला देऊन टाकले.

कारखान्यात ते तपासणीच्या टेबलावर होते. विणून आलेला टॉवेल टेबलावरून सरकत जायचा आणि त्याच्यावर अण्णांचा हात. तुटलेला धागा, सुटलेली गाठ, विरळ पडलेली जागा डोळ्याला दिसायच्या आधी बोटाला कळायची, असं ते सांगत. "डोळा दमतो ओ ताई. दुपारनंतर डोळा खोटं बोलतो. बोट न्हाय बोलत." पंचवीस वर्षं तेच केलं. कारखाना बंद पडला तेव्हा त्यांच्या वयाला दुसरीकडे कुणी टेबल दिलं नाही. म्हणून ते आमच्याकडे शीट पुसायला आले.

त्या हाताचा त्यांना अभिमान होता आणि किळसही होती. हात कोपरापर्यंत तीनदा साबणानं धुऊनही जेवायचे चमच्यानं. कडक भाकरीचा चुरा करून त्यावर शेंगाची चटणी आणि दही घेत आणि चमच्यानं खात. कुणी प्रसाद दिला तर खिशातून पान काढून पानावर घ्यायचे. आमच्याकडे शाळांच्या सहली येतात, शेकडो पोरं येतात, पण अण्णांनी एका पोराच्या डोक्यावर हात ठेवलेला मला आठवत नाही. एक चिमुरडी पाय घसरून पडली तेव्हा त्यांनी तिला कोपरानं उठवलं होतं.

आता त्या हाताला आमच्या पार्कात किंमत कशी आली ते सांगते. माझ्या पहिल्या वर्षातली गोष्ट. अण्णा एका सकाळी खाली येऊन म्हणाले, "चौथ्या खांबाच्या जोडाला चीर हाय." मालकांनी वर जाऊन बघितलं, काही दिसेना. महिन्यातून एकदा येणारे इंजिनियर साहेब होते, त्यांना बोलावलं. त्यांनी भिंग लावून बघितलं. रंग शाबूत, जोड ठणठणीत. साहेब मालकांना म्हणाले, "तुमच्या झाडूवाल्याला चष्मा लागलाय." अण्णा म्हणाले, "साहेब, रंग काडा आन रॉकेल लावून बगा." साहेबांनी मान हलवली, पण रंग काढून घेतला. जोडावर रॉकेल लावलं, कोरडं पुसून घेतलं आणि वर खडूची पूड फासली. लोखंडाला चीर असेल तर आत गेलेलं रॉकेल हळूहळू वर येतं आणि खडूवर ओली रेघ उमटते. आम्ही पाच जण त्या पांढऱ्या पुडीकडे बघत उभे होतो. रेघ उमटली. केसासारखी बारीक, पण उमटली. साहेबांनी अण्णांना नमस्कार केला. खरंच केला, दोन्ही हात जोडून.

त्या दिवसापासून रीत पडली. सकाळी अण्णा खाली उतरून "बरं हाय" म्हणेपर्यंत मी किल्ली फिरवायची नाही. ते तसं म्हणाल्यावर मी वहीत 'सफाई झाली, तपासणी झाली' अशी सही करायची. सफाई आणि तपासणी असे दोन रकाने होते, आणि दोन्ही रकाने त्या एका हातावर भरले जात. वाचताना आता हे वेड्यासारखं वाटेल. साहेब महिन्यातून एकदा येत होतेच, कागद पुरे होते, पण आमचा खरा भरवसा अण्णांच्या बोटांवर होता. मालक पाहुण्यांना ती गाडी दाखवताना अभिमानानं सांगायचे, "आमच्याकडे मशीन नाही, अण्णा आहेत." पाण्याचा फवारा मारणारं मशीन पुढे आलं तेव्हा ते सीटा आणि फरशी धुवायला ठेवलं. रुळाला कुणी लावलं नाही.

अण्णा स्वतः गाडीत कधी बसले नाहीत. मी एकदा आग्रह केला तर म्हणाले, "मी बसलो तर खाली कोन बगनार?" दिवसाची पहिली फेरी सुटली की ते कुंपणाशी उभे राहत, हात पाठीमागे बांधून. डबे उतारावरून घरंगळत यायचे, पोरं किंचाळायची, आणि अण्णांचा चेहरा परीक्षेच्या निकालाला उभ्या राहिलेल्या पोरासारखा व्हायचा. फेरी संपून शेवटचं पोर उतरलं की ते चहाला जायचे. अशी दहा वर्षं गेली. मी तिकीट-खिडकीपासून सुरुवात करणाऱ्या कितीकांना मागे टाकून राइड सुपरवायझर झाले, तरी गाडीची किल्ली माझ्याकडेच राहिली, जुळे सोलापुरात फ्लॅट घेतला, अण्णांचे केस पिकले. साखरेचा आजार त्यांना होताच. त्याची ते विचारपूस करू देत नसत.

आता जी गोष्ट सांगायची ती याच जानेवारीतली आहे.

जानेवारी म्हणजे सहलींचा महिना. एका सकाळी अण्णा खाली उतरले, "बरं हाय" म्हणाले आणि पट्ट्या पिळायला बसले. पांढऱ्या टॉवेलवर लाल डाग होते. मी म्हटलं, "अण्णा, रक्त!" त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग टॉवेलकडे, मग स्वतःचा हात उलटा करून बघितला. मधल्या बोटाच्या टोकाला चांगली खोल चीर गेली होती, जाळीचा पत्रा लागला असावा. रक्त मनगटापर्यंत ओघळून वाळलं होतं. म्हणजे बराच वेळ ते तसेच काम करत होते. आपला हात दुसऱ्या कुणाचा असावा तसे ते त्याच्याकडे बघत राहिले. "थंडीनं बधिर झालाय," ते म्हणाले. मी पट्टी बांधली. सोलापूरची थंडी ती काय, आणि तिनं हात बधिर व्हायचा तो कसला!

मला तेव्हाच कळलं. खोटं कशाला लिहू? त्याच दुपारी त्यांनी चहाचा स्टीलचा पेला उचलला, तो चहावाल्यानं फडक्यात धरून आणला होता. अण्णांनी तो उघड्या बोटांनी धरला आणि धरून ठेवला. मी समोर बसले होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी मोबाइलकडे बघितलं.

पुढचे आठ दिवस ते रोज वर गेले, रोज हात फिरवला, रोज "बरं हाय" म्हणाले, आणि मी रोज किल्ली फिरवली. रोज दोन्ही रकान्यांत सही केली. त्या आठवड्यात रोज तीन-चार शाळा होत्या. गाडी बंद म्हणजे सहली बंद, मालकांचा संताप. पण हे कारण खरं असलं तरी पुरतं खरं नाही. मला त्या माणसाला जाऊन सांगायचं होतं की तुमचा हात गेला, आणि ते तोंडातून निघेना. आज सांगू, उद्या सांगू, सहली संपल्या की सांगू. एखाद्या फेरीला डबे वळणावरून जाताना मी किल्लीवर हात ठेवून बसायची. फेरी सुखरूप आली की मी स्वतःला म्हणायची, बघ, काही नाही.

नवव्या सकाळी नातेपुत्याच्या शाळेच्या दोन बस आल्या होत्या. पहाटे निघालेली पोरं, डब्यातले लाडू संपवून रांगेत उभी होती. अण्णा खाली उतरले ते काही न बोलता सरळ केबिनमध्ये आले. त्यांनी खुर्ची ओढली आणि हात टेबलावर ठेवला, तळवा वर करून.

"ताई, पिन हाय का?"

मी ओढणीची पिन काढली.

"मी तिकडं बगतो," ते म्हणाले आणि तोंड खिडकीकडे केलं. "तुमी टोचा. कुटल्या बोटाला टोचली त्ये मी सांगतो."

मी तर्जनीला टोचली. ते गप्प. मधल्या बोटाला टोचली. मग करंगळीशेजारच्या बोटाला, जरा जोरात. लाल ठिपका आला. अण्णा खिडकीबाहेरच्या रांगेकडे बघत होते.

"टोचा की, ताई."

"टोचली, अण्णा."

मग हात उचलून त्यांनी मांडीवर ठेवला, त्याच्यावर दुसरा हात ठेवला आणि म्हणाले, "मग गाडी बंद करा."

मालक धावत आले. ते वाईट माणूस नाहीत, पण दोन बसभर पोरं आणि चार मास्तर समोर उभे होते. "अण्णा, काल चालली ना? परवा चालली ना? आजचा दिवस निघू द्या, उद्या साहेबांना बोलावतो."

"काल चालली ती माज्या नावावर चालली, मालक. नाव खोटं व्हतं."

"तुम्हाला तसं वाटतंय फक्त. वय झालं की..."

"न्हाय. ताईंनी टोचून बगितलंय. इचारा त्यांना."

मालकांनी माझ्याकडे बघितलं. मी किल्ली काढून पर्समध्ये टाकली. एवढंच मी केलं, आणि तेही अण्णांनी करायला लावलं म्हणून.

पोरांत एकच रडारड झाली. मास्तर चिडले, आम्ही पैसे भरलेत, इतक्या लांबून आलोय, असं सगळं झालं. आमच्यापैकी कुणी समोर जाईना. अण्णा गेले. रांगेपुढे उभे राहून त्यांनी मास्तरांना सांगितलं, "मास्तर, गाडी बगायचं काम माजं. मला बगता येईना झालंय. चूक माजी हाय, पोरांना दुसरीकडं बसवा." एका पोरानं विचारलं, "आजोबा, तुम्हाला दिसत नाही का?" अण्णा म्हणाले, "दिसतं की." आणि पाठ वळवून निघाले.

दुसऱ्या दिवशी साहेब आले. दोन दिवस लावून त्यांनी सगळ्या गाडीला, एकेका जोडाला रॉकेल आणि खडू लावला. दुसऱ्या वळणाच्या जोडाला, खालच्या बाजूनं, रेघ उमटली. पहिल्या वेळची केसासारखी होती, ही बोटभर लांब होती. मी साहेबांना विचारलं, "ही किती दिवसांची असेल?" ते म्हणाले, सांगता येत नाही, दोन दिवसांची असेल, दोन आठवड्यांचीही असेल. मी पुन्हा विचारलं. ते म्हणाले, "मॅडम, लोखंड तारीख लिहून ठेवत नाही." त्या वळणावरून आठ दिवसांत किती पोरं गेली हे मी वहीतून काढू शकते. अजून काढलेलं नाही.

अण्णा परत आले नाहीत. मालकांनी गेटवर खुर्ची टाकून देतो म्हणून निरोप धाडला, त्याला नुसता नमस्कार आला. आता आम्ही दर सोमवारी गाडी बंद ठेवून जोड तपासतो, त्यासाठी दोन शिकलेली माणसं ठेवली आहेत. शीट पुसायला वेगळा माणूस आहे. त्याला मी सांगितलंय, आधी भिजव.

मार्चमध्ये एका रविवारी मी त्यांच्या घरी गेले. पूर्व भागात दोन खोल्या, शेजारी कुणाचे तरी माग चालू होते, त्या आवाजात जरा मोठ्यानं बोलावं लागत होतं. अण्णा भिंतीला टेकून बसले होते आणि त्यांच्या पत्नी त्यांचा पाय मांडीवर घेऊन तळवा बघत होत्या. डॉक्टरांनी सांगितलंय, साखरेमुळे पायालाही कळत नाही, जखम झालीय का ते रोज कुणीतरी बघायला पाहिजे. अंगठ्यापासून टाचेपर्यंत, बोटांच्या बेचक्यांत, सावकाश त्या हात फिरवत होत्या. मला बघून अण्णा पाय ओढून घ्यायला लागले, पत्नींनी ओढू दिला नाही.

मी इकडचं तिकडचं बोलले. पाणकावळा अजून येतो का, अण्णांनी विचारलं. येतो म्हटलं. मग गप्प बसवेना. मी सगळं सांगून टाकलं. रक्ताच्या दिवशीच मला कळलं होतं, पेल्याच्या वेळी खात्री झाली होती, आणि आठ दिवस मी बोलले नाही. मला रडू येत होतं आणि मागांच्या आवाजामुळे ते ओरडून सांगावं लागत होतं.

अण्णांनी ऐकून घेतलं.

"ठावं हाय मला," ते म्हणाले. "तुमी पेल्याकडं बगितलं त्ये मी बगितलं की."

त्यांनी हे रागानं म्हटलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

"रोज खाली उतरताना वाटायचं, आज ताई बोलतील. आज तरी बोलतील. माज्या तोंडातनं निगत नव्हतं ओ. आठ दिवस मी तुमचीच वाट बगितली."

त्यांच्या पत्नींनी तो पाय खाली ठेवला आणि दुसरा मांडीवर घेतला.